अमालेकाची आठवण आणि पेडगावचा किल्ला



विषय जाहीर झाल्यापासून आम्हाला एकच प्रश्न विचारला जातो आहे. ज्यू लोकांचा तीन हजार वर्षांपूर्वीचा कुणी शत्रू, त्याची आठवण ठेवा असा त्यांच्या धर्मग्रंथातला आदेश, आणि त्याचं काष्टीला काय? ऊस, लिंबू, जनावरांचा बाजार असे जिवंत विषय समोर असताना हे कुठलं मढं उकरून काढलंत? प्रश्न रास्त आहे. उत्तराची सुरुवात बाजारापासूनच करू, कारण तो आदेशही ग्रंथात बाजाराच्या पाठोपाठच येतो.

मोशेच्या पाच पुस्तकांपैकी शेवटचं पुस्तक म्हणजे ‘अनुवाद’. त्याच्या पंचविसाव्या अध्यायाच्या शेवटाकडे एक साधा नियम आहे. पिशवीत दोन प्रकारची वजनं बाळगू नये, एक जड आणि एक हलकं. घरात दोन मापं ठेवू नयेत. घेताना एक माप आणि देताना दुसरं, हा व्यवहार देवाला चालत नाही. बाजारात ज्यांचं आयुष्य गेलं त्यांना हा नियम समजावून सांगायला नको. हा नियम संपतो आणि लगेच पुढे, मध्ये काहीही नसताना, अमालेकाची आठवण ठेवण्याचा आदेश सुरू होतो. अकराव्या शतकात फ्रान्समध्ये राशी नावाचा मोठा ज्यू भाष्यकार होऊन गेला. त्यानं या शेजाराकडे बोट दाखवलं आहे. त्याचा अर्थ असा, की वजनमापात खोटेपणा केलात तर शत्रू अंगावर येईल याची धास्ती बाळगा. आम्हाला या शेजारात आणखी एक गोष्ट दिसते. जुन्या शत्रूची आठवण काढायला निघालेल्या माणसाच्या पिशवीत दोन वजनं असण्याचा संभव फार मोठा असतो. आजचं सगळं बोलणं या एका शंकेभोवती आहे.

आता मूळ मजकूर. हा मजकूर सोप्या मराठीत आला तो इथून फार लांब नाही. भीमा ओलांडली की दौंड, दौंडच्या पुढे केडगाव. तिथे पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून सबंध बायबल मराठीत उतरवलं. १९२२ साली त्या गेल्या, तोपर्यंत आयुष्याची शेवटची वर्षं त्या या कामात होत्या. आणि उतरवलं कुणासाठी? पंडितांसाठी नव्हे. १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांतून त्यांनी ज्या शेकडो मुली आणि बायका उचलून आणल्या, त्यांना वाचता यावं म्हणून. वाटेवर मागे पडलेल्यांसाठी केलेलं भाषांतर होतं ते. हे लक्षात ठेवा, कारण अमालेकाची गोष्ट मागे पडलेल्यांचीच आहे.

गोष्ट अशी. इस्राएली लोक मिसर देशाच्या गुलामगिरीतून सुटून वाळवंटातून चालले आहेत. म्हातारे, लेकुरवाळ्या बाया, आजारी, सगळे पायी. ऊसतोडीच्या हंगामात आपल्या रस्त्यांवरून गाड्यांची रांग जाताना पाहिली असेल तुम्ही. पुढच्या गाड्या ठीक असतात. शेवटची गाडी, थकलेला बैल, पायी चालणारं पोर, यांचं काय होईल याची चिंता असते. अमालेकाच्या टोळीनं हल्ला केला तो त्या शेपटावर. लढायला निघालेल्यांशी भिडले नाहीत, दमून मागारलेल्यांना कापत सुटले. ‘अनुवाद’ हाच तपशील पुढे करतो, आणि त्यांना देवाची भीती नव्हती असं म्हणतो. मग आदेश येतो, आणि तो दुहेरी आहे. देव तुम्हाला स्थिरस्थावर करील तेव्हा अमालेकाची आठवण आकाशाखालून पुसून टाका. आणि विसरू नका.

तर्कशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला इथे थांबणं भाग आहे. आठवण पुसायची आणि विसरायचंही नाही, ही एकाच वेळी कशी जमावी? पुसलीच तर विसरली. विसरली नाही तर पुसली कुठे? ज्यू परंपरेत मात्र या दोन्ही गोष्टी स्वतंत्र आज्ञा म्हणून मोजल्या जातात. बाराव्या शतकातल्या मायमोनिदीझनं ६१३ आज्ञांची यादी केली, तिच्यात अमालेकाचा नाश करा ही एक, त्याच्या कृत्याची आठवण ठेवा ही दुसरी, आणि विसरू नका ही तिसरी. पुरीम सणाच्या आधीच्या शनिवारी सभास्थानात हा उतारा मोठ्यानं वाचतात. त्या शनिवाराला ‘झाखोर’ म्हणतात, म्हणजे स्मरण कर. योसेफ येरुशाल्मी या इतिहासकारानं १९८२ साली याच नावाचं पुस्तक लिहिलं. बायबलमध्ये हे क्रियापद वेगवेगळ्या रूपांत १६९ वेळा येतं अशी त्याची मोजणी आहे. जगात दुसऱ्या कुठल्या समाजानं आठवणीला इतकं सक्तीचं कर्तव्य केलं असेल असं वाटत नाही.

पण याच ‘अनुवाद’मध्ये दोन अध्याय आधी, तेविसाव्यात, अगदी वेगळं काही सांगितलं आहे. मिसरी माणसाचा तिटकारा करू नका, कारण त्याच्या देशात तुम्ही परके म्हणून राहिला होतात. थांबून विचार करा. मिसरनं काय केलं होतं? पिढ्यान्‌पिढ्या गुलाम केलं, विटा थापायला लावल्या, जन्मलेली मुलं नदीत टाकण्याचा हुकूम काढला. अमालेकानं एक हल्ला केला. किती मेले यावर शत्रुत्व मोजायचं असतं, तर यादीत पहिलं नाव मिसरचं आलं असतं. ग्रंथ तसं मोजत नाही. मिसरच्या बाबतीत तो सांगतो, की तुम्ही तिथे परके होतात हे आठवा, आणि म्हणून तुमच्या दारातल्या परक्याला छळू नका. छळाच्या आठवणीतून स्वतःवरच एक बंधन निघालं. अमालेकाच्या आठवणीतून कोणतं बंधन निघतं? कृत्य आठवायचं तर उत्तर सोपं आहे: तांड्याच्या शेपटाला असलेल्याची जबाबदारी घ्या. वंश आठवायचा तर उत्तर दुसरं आहे: त्या वंशाचा दिसेल तो संपवा.

ग्रंथात दोन्ही उत्तरं आहेत. दुसरं नाही असं म्हणणं म्हणजे वेड पांघरून पेडगावला जाणं होईल. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात शौल राजाला हुकूम होतो, की अमालेकातले पुरुष, बायका, तान्ही मुलं, गुरंढोरं, काही शिल्लक ठेवू नकोस. शौल लोकांना मारतो, पण अगाग राजाला जिवंत ठेवतो आणि चांगली मेंढरं-गुरं राखून ठेवतो. शमुवेल येऊन विचारतो, की मग ही मेंढरांची बेंबें कसली ऐकू येते? आणि शौलाचं राज्य जातं. याला आजच्या भाषेत वंशसंहार म्हणतात. काळ जुना होता, चालीरीती वेगळ्या होत्या, असलं पांघरूण आम्ही त्यावर घालणार नाही.

आम्हाला रस आहे तो पुढच्या लोकांनी या हुकुमाचं काय केलं यात. तालमूदमधले रब्बी शौलाच्या तोंडी एक युक्तिवाद घालतात. एका माणसाचा खून झाला तरी धर्मशास्त्र गावाला कालवडीचं प्रायश्चित्त सांगतं, मग इतक्या जिवांचं काय? मोठ्यांनी पाप केलं असेल, लहान मुलांनी काय केलं? गुरांनी काय केलं? प्रामाणिकपणे सांगायचं तर त्याच जागी आकाशवाणी शौलाला गप्प करते, की फाजील धार्मिक होऊ नकोस. म्हणजे रब्बींनी प्रश्न जिंकू दिला नाही. पण प्रश्न लिहून ठेवला, आणि गेली दीड हजार वर्षं मुलं तो पाठशाळेत शिकताहेत. आमच्या मते पराभूत झालेला युक्तिवाद जपून ठेवणं ही परंपरेची मोठी गोष्ट असते. आपल्याकडेही चार्वाकाचं पुष्कळसं म्हणणं त्याच्या विरोधकांच्या ग्रंथांतूनच शिल्लक राहिलं.

हळूहळू त्यांनी वंशाचा दोरही कापत आणला. अश्शूरच्या सन्हेरीब राजानं लोकांना इकडून तिकडे हलवून सगळ्या जमाती एकमेकींत मिसळून टाकल्या, आता कोण कुणाचा वंशज हे सांगता येत नाही, असा निवाडा मिश्नात आहे. तो मुळात अम्मोनी माणसाबद्दल होता. पुढच्या पंडितांनी त्याचा आधार अमालेकालाही लावला. मायमोनिदीझनं युद्धाच्या नियमांत अमालेकालाही आधी तहाचा प्रस्ताव देण्याची तरतूद ठेवली. तालमूदमध्ये तर एक विलक्षण वाक्य येऊन जातं. एस्तेरच्या गोष्टीतला खलनायक हामान हा परंपरेनं अगागाचा, म्हणजे अमालेकाचा वंशज. त्या हामानाचे नातवंडं-पणतवंडं बने-ब्राक गावी धर्मशास्त्र शिकत होते असं रब्बी सांगतात. ज्याचा वंश बुडवायचा, त्याचाच वंश आपल्या पाठशाळेत. पुढे हसिदी गुरूंनी अमालेकाला माणसाच्या आतच नेऊन बसवलं. हिब्रू अक्षरांना अंकमूल्य असतं. अमालेक शब्दाची बेरीज २४०, आणि संशय या अर्थाच्या ‘साफेक’ शब्दाचीही २४०. तेव्हा मनातला संशय हाच अमालेक. अंकांच्या या खेळावर आमचा विश्वास नाही, पण तलवार म्यान करायला माणसं काय काय युक्त्या शोधतात ते त्यातून दिसतं.

मग विसावं शतक आलं. साठ लाख माणसं मारली गेली. त्यानंतर कुणी ज्यू माणसाला सांगावं की अमालेक हा फक्त मनातला संशय आहे? रब्बी जोसेफ सोलोवेचिक यांनी आपल्या वडिलांचं मत म्हणून लिहून ठेवलं, की जो कोणी ज्यू लोकांचा समूळ नाश करायला निघतो तो अमालेक. वंश गेला, हेतू आला. एका अर्थी हे कृत्याकडे परत येणं आहे आणि समजण्यासारखं आहे. पण इथे एक दार उघडं राहतं. हेतू ठरवणार कोण? आणि एका टोळीचा हेतू तिच्या मागच्या सगळ्या लोकांवर कधी पसरतो?

ते दार किती धोक्याचं आहे याची दोन उदाहरणं. २५ फेब्रुवारी १९९४, पुरीमचा दिवस. बारूख गोल्डस्टीन या डॉक्टरनं हेब्रॉनमध्ये नमाजाला वाकलेल्या २९ पॅलेस्टिनी माणसांना पाठीमागून गोळ्या घातल्या. पाठीमागून, हे लक्षात घ्या. तो अमालेकाला मारायला गेला होता आणि स्वतः अमालेकाचं कृत्य करून बसला. दुसरं उदाहरण ताजं. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासनं सुमारे बाराशे माणसं मारली, घराघरांत शिरून मारली, म्हातारी आणि मुलंही सोडली नाहीत. तिथे शेपटावरचाच हल्ला झाला यात शंका नाही. त्याच महिन्याच्या २८ तारखेला पंतप्रधान नेतान्याहू यांनी अमालेकाच्या आठवणीचा तो आदेश जाहीरपणे उच्चारला. पुढे दक्षिण आफ्रिकेनं हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात तेच उद्गार वंशसंहाराच्या आरोपाचा पुरावा म्हणून ठेवले. नेतान्याहूंच्या कार्यालयाचा खुलासा असा, की रोख हमासकडे होता, आणि हेच वचन यरुशलेमच्या याद वाशेम स्मारकातही आहे. खुलासा ऐकून घेतला पाहिजे. पण वचन तेच असलं तरी जागा बदलली की त्याचं वजन बदलतं. मेलेल्यांच्या नावांशेजारी ते शोक असतं. रणगाडे निघताना उच्चारलं तर शिपाई ‘अनुवाद’ ऐकतो की शमुवेलाचा पंधरावा अध्याय ऐकतो, हे सांगणाऱ्याच्या हातात राहत नाही. त्यानंतर गाझामध्ये दहा-दहा हजारांच्या हिशेबात माणसं मेली, त्यांत हजारो मुलं. शौलाचा प्रश्न जिथल्या तिथे आहे.

आता कोकणात उतरू. आपले मराठी ज्यू, बेने इस्राएल. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, अशी त्यांची परंपरा. तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून शनिवार तेली. या लोकांनी शतकानुशतकं धर्मग्रंथ हाताशी नसताना सण जपले, आणि त्यांना नावं दिली ती मराठी. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती लिहून ठेवली म्हणून आपल्याला कळतात. पुरीम, म्हणजे हामानाच्या पाडावाचा सण, तो त्यांच्यात ‘होळीचा सण’. दिवसही आसपासचेच येतात. आणि यरुशलेमचं मंदिर दोनदा पाडलं गेलं त्या शोकाचा उपास, ज्यूंच्या पंचांगातला सगळ्यात काळा दिवस, त्याचं नाव ‘बिरड्याचा रोजा’. संध्याकाळी वालाच्या बिरड्यानं उपास सोडायचा म्हणून.

बघा काय झालं. बाबेलचा राजा, रोमचा सेनापती, या शत्रूंची नावं सणाच्या नावात उरली नाहीत, बिरडं उरलं. काही विद्वान म्हणतील ही झीज आहे, अज्ञान आहे. आम्ही तसं म्हणणार नाही. उपास सुटला नव्हता, म्हणजे आठवण सुटली नव्हती. कोकणात त्यांचा कुणी छळ केला नाही, म्हणून आठवणीला दात फुटले नाहीत एवढंच. होळी हे नावही उगाच नाही. पुरीमला हामानाचं नाव वाचताना सभास्थानात पाय आपटतात, खुळखुळे वाजवतात, नुसता गोंगाट; आपण शिमग्याला बोंब मारतो ती आठवा. तालमूद तर सांगतो, की त्या दिवशी इतकी प्यावी की हामानाला शाप आणि मर्दखयाला आशीर्वाद यांतला फरक कळेनासा व्हावा. शत्रूच्या आठवणीला वर्षातला एक दिवस नेमून दिला, तिला गोंगाट दिला, सोंग दिलं, आणि दुसऱ्या दिवशी घाण्यावर परत. धुळवडीनंतर माणसं अंघोळ करतात. हल्ली मोबाईलमध्ये रोजच शिमगा असतो आणि अंघोळ कुणी करत नाही.

आता आपल्या तालुक्यात येऊ. पेडगाव तुम्हाला आम्ही काय सांगावं. भीमेकाठचा बहादूरगड, आता धर्मवीरगड म्हणतात. आत लक्ष्मीनारायणाचं कोरीव मंदिर आहे, नदीचं पाणी वर चढवण्याच्या मोटांचे अवशेष आहेत. मोगलांचं हे मोठं ठाणं. या एका जागेच्या दोन आठवणी मराठी मनात आहेत. पहिली मघाशीच बोलता बोलता आमच्या तोंडून गेली: वेड पांघरून पेडगावला जाणं. मराठ्यांच्या एका तुकडीनं पळाल्याचं सोंग केलं, बहादूरखान सैन्य घेऊन मागे धावला, आणि दुसऱ्या तुकडीनं मोकळा किल्ला लुटला, अशी त्यामागची कथा सांगतात. ही हसणारी आठवण. शत्रूची फजिती झाली, आणि भाषेनं ती म्हणीत ठेवली. आज सासू-सुनांपासून सावकारापर्यंत सगळे ती वापरतात, कुणाच्याही मनात बहादूरखान नसतो.

दुसरी आठवण रडणारी आहे. १ फेब्रुवारी १६८९ रोजी संगमेश्वरी छत्रपती संभाजी महाराज पकडले गेले. त्यांना आणि कवी कलशांना औरंगजेबाच्या छावणीत आणलं ते याच पेडगावी. विदूषकाचे कपडे घालून, उंटावर बसवून, वाजतगाजत धिंड काढली. पुढे हाल करून ११ मार्चला मारलं. तुळापूर-वढूही भीमेच्याच काठावर. ही आठवण कुणी विसरावी असं आम्ही म्हणणार नाही. ज्याचा राजा असा मारला गेला त्या समाजाला विसर म्हणून उपदेश करणारा तत्त्वज्ञ हा तत्त्वज्ञ नव्हेच. तो दुसऱ्याच्या जखमेवर उदार होणारा माणूस.

प्रश्न असा, की नक्की काय आठवायचं? फेब्रुवारी २०२५ मध्ये संभाजी महाराजांवरचा हिंदी सिनेमा आला. थेटरात लोक ओक्साबोक्शी रडले, त्यात खोटं काही नव्हतं. महिन्याभरात खुलताबादची कबर उखडा अशी मागणी उठली आणि १७ मार्चला नागपुरात दंगल झाली. एका माणसाचा जीव गेला, कित्येकांच्या गाड्या जळाल्या. त्या मृत माणसाचा १६८९ शी काय संबंध? वंशाचा? तोही सन्हेरीबानं मिसळून टाकलेला. आणि वंशाचं हे वजन कसं फिरतं पाहा. त्याच सिनेमात महाराजांना पकडून देण्याचा ठपका शिर्क्यांवर दाखवला, तेव्हा शिर्के घराण्यातली आजची मंडळी उठली: तीनशे वर्षांपूर्वीचा डाग आमच्या पोरांना का? दिग्दर्शकानं दिलगिरी व्यक्त केली. बरोबरच केलं. पण मग हे वजन एकाच पारड्यात का घालायचं? शिर्क्यांच्या पोराला जे माप, तेच गल्लीतल्या बागवानाच्या पोराला लावायला नको? ‘अनुवाद’मधली पिशवी ही.

संभाजी महाराजांचा मुलगा शाहू. सात वर्षांचा असताना कैदेत गेला, औरंगजेबाच्या छावणीत वाढला, १७०७ मध्ये सुटला. इतिहासकारांनी नोंदवलं आहे, की परतताना त्यानं खुलताबादला जाऊन बादशहाच्या कबरीचं दर्शन घेतलं. त्याच्या मनात काय होतं ते त्याचं त्याला माहीत. राजकारण असेल, लहानपणापासून पाहिलेल्या म्हाताऱ्याबद्दल काही असेल. त्याच शाहूच्या कारकिर्दीत मराठे दिल्लीच्या वेशीपर्यंत गेले. वडिलांचा खून ज्याला सगळ्यात जवळचा, त्याला कबर उखडावीशी वाटली नाही. आपल्याला वाटते. का, याचा विचार व्हावा.

कृत्याची आठवण कशी असते याचा आमच्या डोळ्यासमोरचा सगळ्यात चांगला नमुना ज्यूंचा नाही आणि आपलाही म्हणता येणार नाही. नगरचा मोहरम तुम्ही पाहिला आहे. सवाऱ्यांपुढे हिंदू बायका पोरं घेऊन उभ्या असतात. इसवी सन ६८० मध्ये करबल्याला यझीदाच्या फौजेनं हुसेनच्या माणसांचं पाणी तोडलं. नदी समोर आणि लेकरं तहानेली. तेराशे वर्षं उलटून गेली. यझीद हे नाव शिवी झालं. पण त्या आठवणीतून रस्त्यावर काय उभं राहिलं? सबील. म्हणजे पाणपोई, सरबताचं पिंप. येईल त्याला पेला. जात विचारत नाहीत, यझीदाच्या बाजूचा आहेस का म्हणून विचारत नाहीत. शत्रूनं जे तोडलं तेच वाटायचं. पाण्याची ओढाताण पाहिलेल्या मुलखाला याहून जास्त काय सांगावं. मोहरमच्या मिरवणुकीत भांडणं होतच नाहीत असं नाही, ती होतात. पण सबील आहे.

आणि हा विचार मराठीत कुणी स्वच्छ मांडलाच नाही असंही नाही. काष्टी स्टेशनातून जाणारी गाडी ज्या मनमाडला जाते, तिथे फेब्रुवारी १९३८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर रेल्वेतल्या दलित कामगारांच्या परिषदेत बोलले. कामगारांचे दोन शत्रू त्यांनी सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आणि लगेच खुलासा केला, की ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जातीची सत्ता असं मला म्हणायचं नाही. स्वातंत्र्य, समता, बंधुता नाकारण्याची वृत्ती ती ब्राह्मणशाही, आणि ती सगळ्याच वर्गांत शिरली आहे. ज्यांच्या पूर्वजांना हजार वर्षं तांड्याच्या शेपटाला ठेवलं गेलं, त्यांचा नेता हे बोलतो आहे. महाडला १९२७ साली त्यांनी जाळलं ते पुस्तक होतं, कुणाचं घर नव्हे. शत्रू ठरवताना इतका नेमका हात आम्हाला दुसरीकडे फारसा दिसलेला नाही.

दोन चिठ्ठ्या आल्या आहेत. वेळ थोडा आहे, पण वाचतो.

पहिली: मग कबर ठेवायची की काढायची? आमचं मत ठेवायची. पुरातत्त्व खात्याचं संरक्षण तिला आहे हे एक कारण, पण तत्त्वज्ञानाच्या माणसाचं कारण वेगळं आहे. पुसून टाका आणि विसरू नका, हा जो तर्कातला पेच आपण पाहिला तोच या मागणीत आहे. उघड्या आकाशाखाली मातीची एक साधी कबर. पंचवीस वर्षांहून जास्त काळ दख्खन जिंकायला झुंजून बादशहा नगरला भिंगारपाशी मेला, त्याचा तो शेवटचा पुरावा. तो पुरावा आपणच का नाहीसा करायचा? अफजलखानाची कबर प्रतापगडाच्या पायथ्याशी १६५९ पासून आहे, तिनं शिवाजी महाराजांचं काही कमी केलं नाही.

दुसरी चिठ्ठी जरा रागानं लिहिलेली दिसते. तुम्हाला महाराजांच्या हालांचं दुःख होत नाही का? होतं. म्हणूनच त्या हालांचा तपशील बघा असं म्हणतो. पेडगावला काय झालं? हात बांधलेला कैदी, त्याची धिंड, त्याला मारहाण, आणि बघ्यांची गर्दी. हे कृत्य ज्याला सहन होत नाही त्याला ते कुठेही सहन होता कामा नये. आजही गावात चोर सापडला की त्याला खांबाला बांधतात, मारतात आणि चित्रफीत काढतात. कोठडीत आरोपी मरतात. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली डी. के. बसू खटल्यात अटकेचे नियम घालून दिले: कुटुंबाला कळवा, अटकेचा कागद करा, वैद्यकीय तपासणी करा. किती ठाण्यांत ते पाळले जातात हे तुम्ही आमच्यापेक्षा जास्त जाणता. धर्मवीरगडावर दरवर्षी अभिवादनाला जाणाऱ्या मंडळांपैकी एखाद्यानं त्याच दिवशी तालुक्याच्या ठाण्यात जाऊन कोठडीत कोण आहे, त्याच्या घरी कळवलंय का, एवढं विचारलं तर ते महाराजांच्या आठवणीला धरून होईल असं आम्हाला वाटतं. चिठ्ठी लिहिणाऱ्या मित्रानं हे पटत नसेल तर कार्यक्रमानंतर जरूर भेटावं, आम्ही इथेच आहोत.